लाइव्ह म्हणून विकायचं आणि स्टुडिओत जाऊन परत गायचं?

जुनी_टेप:

गेल्या रविवारी मित्राकडे जेवायला गेलो होतो. त्याने थिन लिझीचा 'लाइव्ह अँड डेंजरस' लावला आणि पानं वाढता वाढता जाहीर करून टाकलं की रॉकमध्ये याच्यावर लाइव्ह अल्बम झालेला नाही. मी म्हटलं, अरे, १९७८च्या या अल्बमचा निर्माता टोनी व्हिस्कॉन्टी स्वतःच नंतर सांगून बसलाय की यातला पाऊण भाग स्टुडिओत पुन्हा वाजवलेला आहे. मित्र म्हणाला, बँडच्या बाजूचे लोक बरोबर उलट सांगतात, पाऊण भाग स्टेजवरचाच आहे. पाऊण खरं की पाव खरं, यावर वाद घालता घालता आमटी गार झाली.

माझं म्हणणं साधं आहे. लाइव्ह अल्बम म्हणजे त्या रात्री जे झालं ते. आवाज चिरकला तर चिरकला, तार उतरली तर उतरली. घरी येऊन गोड करून वाढायचं असेल तर स्टुडिओ अल्बम काढा की, कोण अडवतंय?

माझं माप 'मेड इन जपान'. डीप पर्पल, १९७२. १५ आणि १६ ऑगस्टला ओसाका, १७ला टोकियोचं बुडोकान सभागृह. (इकडे आपण स्वातंत्र्याचा रौप्यमहोत्सव साजरा करत होतो आणि तिकडे ही पाच माणसं सभागृहाचं छप्पर उडवत होती.) गंमत म्हणजे हा अल्बम काढायची बँडला फारशी हौस नव्हती. जपानमधल्या कंपनीला हवा होता, तोही तिकडच्या बाजारापुरता. ध्वनिमुद्रक मार्टिन बर्चने आठ ट्रॅकच्या मशीनवर तिन्ही कार्यक्रम टिपले, आणि नंतर कुणी काही बदललं नाही असं बँड ठामपणे सांगत आलाय.

ऐकताना ते कळतं. जॉन लॉर्डचा ऑर्गन घुमतोय, इयन पेस ड्रमवर ठोके देतोय, गायक गिलन गाण्याचं नाव सांगतोय, आणि मग 'हायवे स्टार' अंगावर येतं. पुढे 'स्मोक ऑन द वॉटर'चा रिफ, म्हणजे गिटारची ती परत परत येणारी धून. ब्लॅकमोर तो सुरुवातीला सरळ वाजवतच नाही, मुद्दाम वाकडा करतो, टाळ्या धरणारे लोक गोंधळतात. 'स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन'मध्ये गिलनचा गळा आणि ब्लॅकमोरची गिटार यांची जुगलबंदी. तो गातो, हा वाजवून दाखवतो. हा वर चढतो, तो त्याच्याही वर. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हे करा म्हटलं असतं तर जमलं नसतं.

माझी या अल्बमशी ओळख डोंबिवलीतल्या मावसभावामुळे. त्याने कुणाच्या तरी दोन एलपींच्या संचावरून कॅसेट भरून दिली, पण पैसे वाचवायला साठ मिनिटांची घेतली. एका बाजूला एक एलपी. त्यामुळे पहिल्या बाजूला 'द म्यूल'मधला ड्रम सोलो रंगात येतो न येतो तोच खट्. दुसऱ्या बाजूला 'स्पेस ट्रकिन' अर्ध्यावर खट्. पुढे नोकरी लागल्यावर सीडी घेतली तेव्हा कळलं, ते गाणं वीस मिनिटांचं आहे. तरी ती कॅसेट अजून ठेवलीये.

तुमचा कुठला? आणि माझ्या नियमात बसत नसेल तर का आवडतो तेही सांगा.


फेडर:

मी गेली अठरा वर्षं साउंडवर आहे. नाटक, ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, लग्नातली संगीतसंध्या, सगळं केलंय. तेव्हा धंद्यातल्या माणसाच्या चार गोष्टी ऐका.

पहिलं म्हणजे तुमचं 'ती रात्र' हे मापच चुकलंय. 'मेड इन जपान' तीन रात्रींतून वेचलेला आहे. 'स्मोक ऑन द वॉटर' पहिल्या रात्रीचं, 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोचं, बाकीचं ओसाकाच्या दुसऱ्या दिवसाचं. तुम्ही जी मैफल डोळे मिटून ऐकता ती या क्रमाने, अशी, कुठेच झालेली नाही.

दुसरं. हेडफोन लावलात की एका कानात ब्लॅकमोर आणि दुसऱ्यात लॉर्ड येतो ना? ओसाकाला तिसाव्या रांगेत बसलेल्या माणसाला तसं काही ऐकू आलं नसणार. त्याला भिंतीवरून आदळून आलेला एकच गोळा ऐकू आला असणार. बर्चने मिक्सिंगच्या टेबलाशी बसून तो गोळा सोडवला. ही कारागिरी आहे, आणि मला त्याबद्दल आदरच आहे. पण तिला 'जसं झालं तसं' म्हणू नका.

आता व्हिस्कॉन्टीच्या पाऊण भागाबद्दल. स्टेजवर एवढ्या मोठ्या आवाजात वाजत असतं की प्रत्येक माइकमध्ये शेजारचा घुसतो, आम्ही त्याला लीकेज म्हणतो. ड्रमवर टांगलेल्या माइकमध्ये बेस असतो, गिटार असते, गायकही असतो. नंतर बेस बदलायचा म्हटलं तर ड्रमच्या ट्रॅकवर जुन्या बेसचं भूत बसलेलंच असतं, आणि नवा त्याच्याशी तंतोतंत जुळला नाही तर चिखल होतो. म्हणून पाऊण भाग बदलला हे ऐकलं की माझ्यातला साउंडवाला म्हणतो, बाबा, मग नवा स्टुडिओ अल्बमच कमी त्रासाचा होता. कोण खरं बोलतंय ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण दुरुस्त्या करूनही तो अल्बम घाम गाळल्यासारखा वाजतो, हे तर तुमच्याही कानांना कळत असेल.


जुनी_टेप:

फेडर, तीन रात्रींचा मुद्दा बरोबर, मान्य. पण निवडणं वेगळं आणि बदलणं वेगळं. लग्नाच्या तीनशे फोटोंतले चाळीस निवडून अल्बम करतात, त्याला कुणी खोटं म्हणत नाही. नवऱ्याला नवीन नाक लावलं तर म्हणतात.

ज्युडास प्रीस्टचा 'अनलीश्ड इन द ईस्ट' घ्या, १९७९चा, टोकियोतला. गायक हॅलफर्डची तब्येत बिघडलेली, म्हणून आवाज नंतर स्टुडिओत गाऊन बसवला. लोकांनी 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' असं नावच पाडलं त्याचं. रोलिंग स्टोन्सच्या न्यूयॉर्कच्या लाइव्ह अल्बमवरही जॅगरचा आवाज काही ठिकाणी नंतरचा आहे. किसच्या 'अलाइव्ह!'ने त्या बँडचं नशीब पालटलं, आणि त्यातही भरपूर डागडुजी आहे.

याच्या उलट द हूचा 'लाइव्ह ॲट लीड्स'. १४ फेब्रुवारी १९७०, लीड्स विद्यापीठाचं भोजनगृह. खानावळच म्हणा ना. त्याआधीच्या अमेरिका दौऱ्याच्या ढीगभर टेपा ऐकत बसायचा कंटाळा आला म्हणून बँडचा गिटारवाला टाउनशेंड याने त्या जाळायला सांगितल्या आणि नव्याने कार्यक्रम टिपले. कव्हर साध्या खाकी कागदाचं, चोरून छापलेल्या रेकॉर्डसारखं. आणि रेकॉर्डच्या लेबलवर हाताने सूचना: तडतड ऐकू येतेय ती तशीच ठेवा, दुरुस्त करू नका! याला म्हणतात छाती. १९९५च्या सीडीत ती तडतड संगणकाने पुसली. माझ्याकडे दोन्ही आहेत. पुसलेली मी पाहुण्यांसाठी ठेवलीये.


कांदेपोहे:

माझा सर्वोत्तम लाइव्ह अल्बम ईगल्सचा 'हेल फ्रीझेस ओव्हर', कारण त्यातलं एकच गाणं मी ऐकलंय आणि तेही फक्त स्पीकरच्या दुकानात. लॅमिंग्टन रोडला कुठल्याही पायरीवर पाय ठेवा, 'हॉटेल कॅलिफोर्निया'चं ते गिटारवालं रूप सुरू. आधी गिटार, मग तो पोटात बसणारा धप्, मग ओळखीचे सूर लागले की लोकांचा एकदम हल्लकल्लोळ. दुकानदार तुमच्याकडे बघतो, जणू गिटार त्यानेच वाजवली.

बाकी हा १९९४चा कार्यक्रम बरबँकच्या एका फिल्म स्टुडिओत समोर प्रेक्षक बसवून झाला होता. तर टेपवाले, स्टुडिओतला लाइव्ह तुमच्या नियमात बसतो का?


मंद्रसप्तक:

माझं रॉकशी नातं उशिरा जुळलं. माहेरी सगळं ख्यालाचं, रॉक आलं ते नवऱ्याच्या सीडींबरोबर. त्यामुळे दुरुस्ती केली की नाही केली हा पोलिसी तपास मला दुय्यम वाटतो. माझा प्रश्न वेगळा आहे. स्टुडिओत जे झालंच नसतं असं काही स्टेजवर झालं का? झालं नसेल तर अल्बम शंभर टक्के प्रामाणिक असूनही त्याचा उपयोग काय? तेच गाणं, तोच वेग, वर टाळ्यांची कोथिंबीर.

आपल्याकडे हा फरक फार जुना आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत गवयांनी राग बसवले आणि ते अप्रतिम बसवले. पण तोच गवई मैफलीत रात्री दोन वाजता काय करतो, ते तबकडीवरून कळत नाही.

म्हणून माझी निवड ऑलमन ब्रदर्सचा 'ॲट फिलमोर ईस्ट'. न्यूयॉर्क, मार्च १९७१. 'व्हिपिंग पोस्ट' हे गाणं १९६९च्या त्यांच्या पहिल्या अल्बमवर पाच मिनिटांचं आहे, इथे तेवीस मिनिटांचं. सुरुवातीच्या त्या बेसवर हाताने मात्रा मोजून बघा. तीन, तीन, तीन, दोन. अकरा! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्वयंपाकघरात होते, हात आपोआप टाळी धरायला गेला आणि सम हुकली. परत मागे जाऊन मोजलं. रुद्र ताल अकराचा असतो हे लहानपणी शिकलेलं, पण जॉर्जियातली केस वाढवलेली पोरं अकरात वाजवतील हे कुणी सांगितलं नव्हतं. ग्रेग ऑलमनने गाणं केलं तेव्हा आपण अकरात चाललोय याचा त्यालाही पत्ता नव्हता म्हणे.

पण खरी मजा मात्रांत नाही. मध्यावर सगळं इतकं शांत होतं की गाणं संपलंच असं वाटतं. दोन ड्रमवाले असूनही ठेका जवळजवळ विरून जातो. ड्युएन ऑलमनची गिटार एखाद-दुसरा सूर लावून थांबते, पुन्हा लावते. उपज म्हणतो ना आपण, ती. तो कोल्ट्रेन आणि माइल्स डेव्हिस हे जॅझवाले ऐकायचा, आणि इथे ते दिसतं. कुठे पोचायचं हे कुणालाच माहीत नाही, पण पाचसहा जण एकमेकांकडे बघत तिकडेच निघालेत. मग अकराचा तो बेस परत येतो.

त्यातला एक क्षण मला फार आवडतो. गाणं सुरू होण्याआधी गर्दीतला एक जण ओरडून 'व्हिपिंग पोस्ट'ची फर्माईश करतो आणि ड्युएन त्याला सांगतो, बरोबर ओळखलंस. अगदी आपल्या पहिल्या रांगेतल्या काकांसारखं. ड्युएन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला, चोवीस वर्षांचा होता. रेकॉर्डच्या शेवटी टाळ्यांत पुढचं गाणं सुरू झाल्याचं पुसट ऐकू येतं आणि आवाज विरत जातो. ते गाणं, 'माउंटन जॅम', तो गेल्यावर पुढच्या वर्षीच्या अल्बमवर आलं. तेहतीस मिनिटांचं.

आता टेपवाले, रागावू नका. 'स्पेस ट्रकिन'ची वीस मिनिटं मी दोनदा ऐकली. पहिली पाच गाण्याची. पुढे ऑर्गनच्या कुरकुरीत आणि गिटारच्या किंचाळण्यात विस्तार कमी आणि वेळ काढणं जास्त. लांबवणं म्हणजे बढत नव्हे. तुमच्या मावसभावाच्या साठच्या कॅसेटने तुमच्यासाठी संकलकाचं काम केलं. म्हणजे ज्या अल्बमला तुम्ही 'काही बदललं नाही' म्हणून डोक्यावर घेता, तो तुम्ही इतकी वर्षं कापलेलाच ऐकलात, आणि म्हणूनच तो इतका आवडला.


कांदेपोहे:

😂 खट्.


जुनी_टेप:

मंद्रसप्तक, हे वर्मी लागलं. मी कापलेला ऐकला हे खरं, पण मला ते माहीत होतं. कॅसेट संपली की खट् आवाज यायचा. थिन लिझी ऐकणाऱ्याला असा खट् कुठे ऐकू येतो? फरक तो आहे.

आणि कांदेपोहे, हो, बसतो. जागा कुठली याचा प्रश्न नाही, समोर माणसं आणि एकदाच वाजवायचं, बस्स. म्हणूनच निर्वाणाचा 'अनप्लग्ड' मी वरच्या फळीत ठेवतो. १८ नोव्हेंबर १९९३, न्यूयॉर्कचा टीव्ही स्टुडिओ, लिलीची फुलं, मेणबत्त्या, एका बैठकीत सगळं. शेवटच्या गाण्यात गायक कोबेनचा आवाज फाटतो तेव्हा तो कुणी शिवून देत नाही. पाच महिन्यांत तो गेला. मला तर ते ऐकताना आपण चोरून ऐकतोय असं वाटतं.


फेडर:

'अनप्लग्ड'चं नाव काढलंत ते बरं झालं. कोबेनची ती अकूस्टिक गिटार इफेक्टच्या पेडलमधून ॲम्प्लिफायरला जोडलेली होती, आणि निर्मात्याने तो ॲम्प्लिफायर स्टेजवरचा मॉनिटर (वादकांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) वाटावा म्हणून खोटी पेटी करून त्यात लपवला. नाव 'वायर काढलेलं', आणि वायर पेटीत! त्याच्याशिवाय तो आवाज आला नसता आणि कोबेन सुखाने बसलाही नसता.

मोटरहेडचा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' घ्या, १९८१चा. इंग्लंडच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात हॅमरस्मिथमधलं एकही गाणं नाही. बहुतेक सगळं लीड्स आणि न्यूकॅसलचं. मुखपृष्ठावरच थाप, आणि तरी इतका धडधडीत अल्बम दाखवा मला.

सगळ्यांत मोठं उदाहरण रॉकच्या थोडं बाहेरचं आहे. जॉनी कॅशचा फॉल्सम तुरुंगातला अल्बम, १३ जानेवारी १९६८. कैद्यांसमोर गातोय, रीनोत माणसाला नुसता मरताना बघायला गोळी घातली ही ओळ येते आणि कैदी आनंदाने ओरडतात. अंगावर काटा येतो ना? तो ओरडा नंतर चिकटवलेला आहे. पहारेकरी समोर उभे असताना खुनाच्या ओळीला दाद द्यायची त्या लोकांची काय बिशाद. मिक्सिंगच्या टेबलाशी बसलेल्या माणसाने ती दाद त्यांच्या वतीने दिली.

आता सांगा, कित्येक वर्षं जगाला जो क्षण सगळ्यांत खरा वाटला तो खोटा निघाला. अल्बम फेकणार का? मी नाही फेकणार. पण हेही सांगतो, कळल्यापासून त्या ओळीवर माझं लक्ष गाण्याकडे न जाता त्या जोडाकडे जातं. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर आहात.


सुलतान_सातारकर:

इतकी चर्चा झाली आणि डायर स्ट्रेट्सच्या 'अल्केमी'चं कुणी नाव घेत नाही म्हणजे कमाल आहे. जुलै १९८३, हॅमरस्मिथ ओडियन (हो, खरोखर हॅमरस्मिथ). 'सुलतान्स ऑफ स्विंग' तिथे दहा मिनिटांच्या वर जातं आणि एक सेकंदही पाणी घातल्यासारखं वाटत नाही. मूळ गाण्यात गायक नॉफ्लर गोष्ट सांगतो, इथे तीच गोष्ट पारावर बसून रंगवतो. वाद नको, ऐका आणि झोपा.


बीकेसी_०८:

काका लोक, तुम्ही सगळे स्टेजकडे तोंड करून बोलताय. जरा मागे वळून बघा ना. लाइव्ह अल्बममधली अर्धी कमाई पब्लिकची असते. आयर्न मेडनचा 'लाइव्ह आफ्टर डेथ' (निर्माता मार्टिन बर्चच, टेपवाले काकांचा माणूस) मी शाळेत असताना ऐकला. गायक ब्रूस डिकिन्सन लाँग बीचच्या गर्दीला ओरडायला सांगतो आणि ते ओरडतात ना, तेव्हा मला गाण्यापेक्षा त्या गर्दीत उभं राहायची भूक लागली. स्टुडिओ अल्बम ऐकून तसं कधी झालं नाही.

१ फेब्रुवारी २००८ला ती भागली. वांद्रे-कुर्ला संकुल. मेडनच्या जगदौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम, स्वतःचं विमान घेऊन आलेले, चालवायला खुद्द डिकिन्सन. मी विरारहून गेलेलो, खिशात परतीचं तिकीट आणि वडापावचे पैसे. चर्चिलचं भाषण लागलं आणि 'एसेस हाय' सुरू झालं. पुढच्या पाच मिनिटांतलं मला खरंच नीट काही आठवत नाही. चप्पल गेली एवढं आठवतं.

पुढच्या वर्षी 'फ्लाइट ६६६' आला. प्रत्येक गाणं वेगळ्या शहरातलं, आणि 'एसेस हाय' मुंबईचं. म्हणजे त्या अल्बमवर मी आहे! नाव नाही, पैसे नाहीत, पण आवाज आहे. बायकोला ऐकवलं तर म्हणाली, कुठला तुझा? मी म्हटलं, सगळाच.

फेडर दादा, आता तुम्ही येऊन सांगाल की गर्दीचा आवाज मिक्समध्ये वरखाली करतात. करू देत. मी ओरडलो होतो ना? बस्स.


फेडर:

नाही रे, तुझ्या बाबतीत गप्प बसतो. :) फक्त एक विचारतो, चप्पल घालून गेला होतास मेडनला?


बीकेसी_०८:

बूट भावाने नेले होते.


मंद्रसप्तक:

बीकेसी, तू म्हणतोस ते मला पटतंय, आणि माझ्या मुद्द्याला ते थोडं अडचणीचंही आहे. तुझ्या 'एसेस हाय'मध्ये स्टुडिओपेक्षा वेगळं फारसं काही वाजवलेलं नाही. माझ्या मापाने तो बाद. पण मैफलीतही कधी कधी गवई नेहमीचंच गातो आणि समोर बसलेल्यांमुळे ते निराळं होतं. तर गर्दीलाही माझ्या मापात जागा द्यावी लागेल. लांबवलेल्या ऑर्गनला मात्र नाही देणार.


जुनी_टेप:

दोन दिवसांनी येतोय, मुद्दाम. फॉल्समच्या ओरड्याबद्दल वाचून वाईट वाटलं. ती ओळ मी लोकांना ऐकवून दाखवायचो. फेडर म्हणतो तसं झालंय, परत लावलं तर आता फक्त जोड ऐकू आला. म्हणजे माझा नियम मी बदलत नाही. उलट अजून घट्ट धरलाय. थिन लिझी मात्र मित्राकडून घेऊन आलोय, बघू.

मंद्रसप्तक, काल रात्री हेडफोन लावून 'मेड इन जपान' सगळा ऐकला, पहिल्यापासून शेवटपर्यंत. 'व्हिपिंग पोस्ट'ही लावलं. अकरा मोजायला चार वेळा बसलो, चारही वेळा बारा आले. 'स्पेस ट्रकिन'च्या दहाव्या मिनिटाच्या आसपास कान आपोआप खट् कधी होतंय याची वाट बघायला लागले. पुढच्या दहा मिनिटांबद्दल तुम्ही जे लिहिलंय ते मला अजिबात मान्य नाही. चौदाव्या मिनिटाला मी चहा टाकायला उठलो, हे मात्र खरं आहे.